गैरहजेरीचा हिशोब

दर महिन्याच्या अखेरीस एक काम माझ्या वाट्याला येते. एम.ए.च्या वर्गाचा हजेरीपट घ्यायचा, प्रत्येक नावापुढच्या खुणा मोजायच्या, टक्के काढायचे आणि पंचाहत्तरच्या खाली घसरलेली नावे वेगळ्या कागदावर उतरवून कार्यालयात द्यायची. नागपूरच्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवायला लागले त्याला एकतीस वर्षे झाली. निवृत्तीला दोन उरली. राहते मात्र कळमेश्वरलाच, जिथे जन्मले तिथेच. त्यामुळे त्या कागदावरची बरीच नावे मला नुसती नावे म्हणून वाचता येत नाहीत. हा ब्राह्मणीच्या अंगाचा, ही धापेवाड्याकडची, ह्याचा बाप एम.आय.डी.सी.त ठेकेदाराकडे आहे, हिची आई वेचणीला जाते, असे सगळे त्या नावामागून चालत येते. आणि दरवर्षी त्या कागदावर तीच ती आडनावे. वर्गात आमची मुले जेवढी, त्याहून ह्या कागदावर त्यांचे प्रमाण नेहमी जास्त.

"शिष्यवृत्तीपुरते नाव घालतात, मग फिरकत नाहीत," असे स्टाफरूममध्ये म्हणतात. कधी दबक्या आवाजात, कधी माझ्यादेखत. चिडून उत्तर देण्याचे माझे दिवस मागे पडले. गैरहजेरी कशाने होते, नियम काय म्हणतो, कायदा काय देतो आणि त्यातले आपल्या मुलापर्यंत काय पोचते, हे एकदा सरळ मांडावे असे बरेच दिवस मनात होते. कार्यकर्त्यांना, विद्यार्थ्यांना आणि शिक्षकमित्रांना उपयोग व्हावा म्हणून हा प्रपंच.

प्रथम आकडा घेऊ. सत्रात शिकवण्याचे दिवस साधारण नव्वद धरतात. पंचाहत्तर टक्के म्हणजे अडुसष्ट दिवस हजर. उरले बावीस. सहा महिन्यांत बावीस दिवस पुष्कळ झाले, असे ज्याची खोली कॉलेजच्या मागच्या गल्लीत आहे त्याला वाटते, आणि त्याच्यापुरते ते खरेही आहे. कळमेश्वरहून नागपूर वीस-बावीस किलोमीटर. गाडी चुकली की पहिला तास गेला, आणि पहिल्या तासाला हजेरी झाली की दिवस गेला. त्यात आमच्याकडचे पंचांग वेगळे. ऑक्टोबरात सोयाबीनची कापणी, तिच्या पाठोपाठ कापूस वेचणी, ती जानेवारीपर्यंत. मध्येच संत्र्याची तोड. म्हणजे विद्यापीठाच्या सत्राचा जो भर, तोच वावरातल्या रोजीचा भर. ज्या घरात दोन हात कमी पडले की किराणा कमी पडतो, त्या घरातली मुलगी एम.ए.ला असली म्हणून वेचणीतून सुटत नाही. मुलांचे गाडे एम.आय.डी.सी.त अडते. रात्रपाळी करून सकाळी थेट स्टेशनवर येणारी मुले मी पाहिली आहेत. तिसऱ्या तासाला त्यांची मान खाली जाते, आणि मी फळ्याकडे वळून लिहीत राहते.

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एस.टी.चा संप सुरू झाला आणि तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांविषयी मला काही म्हणायचे नाही. त्यांचीही मुले शिकत होतीच. पण आजूबाजूच्या खेड्यांतून कळमेश्वरपर्यंत पोचायचेच साधन राहिले नाही. त्या वर्षाच्या हजेरीपटात 'बस नव्हती' असे लिहायला रकाना नव्हता. तसा तो कधीच नसतो. खुणा दोनच: हजर, गैरहजर. माणूस का आला नाही हे ज्या कागदावर लिहिता येत नाही, त्या कागदावरून तो आळशी ठरतो.

आता कोणी म्हणेल, नियम सगळ्यांना सारखा आहे. तसा तो कधीच नव्हता. सवलत आपल्या महाविद्यालयांत पूर्वापार आहे. ती फक्त लिहिलेली नाही. कोणाचे काका व्यवस्थापनात असतात, कोणाची आई प्राध्यापिकेची मैत्रीण असते, कोणी स्नेहसंमेलनात नाटक बसवतो. अशांची हजेरी महिन्याच्या शेवटी आपोआप भरते. हे मी ऐकीव सांगत नाही, भरताना पाहिले आहे. लेखी नियम उरतो तो ज्याला स्टाफरूमच्या दारात उभे राहून "सर, जरा बघा ना" म्हणायची सवय नाही, त्याच्यासाठी. पहिल्या पिढीचा विद्यार्थी प्राध्यापकाकडे काही मागायला लाजतो. मागितलेच तर ते तोंड चुकवून, भलत्या वेळी, भलत्या माणसाकडे. ज्यांना ओळख आहे त्यांना माया आणि ज्यांना नाही त्यांना कायदा, असा हा व्यवहार आहे.

मग आपणही माया करावी, असे मला वाटले. त्याची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण त्यात चूक माझी आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी एक मुलगा रात्रपाळी करून एम.ए. करीत होता. हुशार. वर्गात मात्र आठवड्यातून दोनदा दिसे. त्याची हजेरी मी भरून टाकली. कोणाला विचारले नाही, त्यालाही सांगितले नाही. तो परीक्षेला बसला आणि दोन पेपरांत नापास झाला. सांख्यिकी आणि सूक्ष्म अर्थशास्त्र, दोन्ही घरी वाचून कळणारे विषय नव्हते. त्याला कळल्यावर तो एवढेच म्हणाला, "बाई, मले वाटलं तुमी शिकवाले बोलवसान." ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. मी त्याला खूण दिली, पाठ दिला नाही. ज्याच्या घरी विचारायला कोणी नाही, त्याचाच वर्ग बुडाला तर नुकसान सर्वांत मोठे, हे मला अर्थशास्त्राच्या बाईला समजू नये! हजेरीचा नियम करणाऱ्यांचे म्हणणे याच ठिकाणी खरे आहे, आणि ते आपण कबूल केले पाहिजे. म्हणून सवलत म्हणजे खोटी खूण असे मी आता मानत नाही. बुडालेला भाग पुन्हा शिकवणे, टिपणे देणे, चाचणी दुसऱ्या दिवशी घेणे, आणि हे सगळे उघडपणे, कागदावर, त्या मुलाचा हक्क म्हणून.

ह्या हक्काची सर्वांत कठीण परीक्षा होते ती आजारपणात, आणि आमच्या विदर्भात आजारपण म्हटले की सिकलसेलपाशी थांबावेच लागते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. ऑगस्टमध्ये नऊ दिवस आली नाही. आली तेव्हा डोळे पिवळसर. विचारले तर म्हणाली, ताप होता. दिवाळीनंतर थंडी पडली आणि ती पुन्हा नाहीशी झाली, ह्या वेळी चौदा दिवस. नऊ आणि चौदा तेवीस. तिचा हिशोब तिथेच संपला. ती आमच्याच गावची, म्हणून घरी गेले. ती गुडघे पोटाशी घेऊन पडली होती आणि आई गरम पाण्याची पिशवी पाठीवरून कमरेवर, कमरेवरून पाठीवर फिरवीत होती. आई म्हणाली, "एस.एस. पॅटर्न हाय तिचा. मेडिकलले भरती होती आठ दिवस."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रक्तातील तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात. सिकलसेलमध्ये त्यांच्यातील हिमोग्लोबिन वेगळे असते आणि प्राणवायू कमी पडला की पेशी विळ्यासारखी वाकते, ताठर होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढचा भाग उपाशी राहतो. ती वेदना हाडांतून येते. थंडी, ताप, पाणी कमी पडणे, अति श्रम, कशानेही ती सुरू होते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत मरते. म्हणून अंगात रक्त नेहमी कमी, डोळे पिवळे आणि थकवा कायम. आई आणि बाप दोघांकडून हा गुण आला तर एस.एस., म्हणजे रुग्ण. एकाकडूनच आला तर ए.एस., म्हणजे वाहक. वाहकाला सहसा त्रास नसतो. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चारात एक. हायड्रॉक्सीयुरियासारख्या औषधाने झटके कमी होतात, पण औषध नियमित मिळाले आणि नियमित घेतले तर.

हा गुण वाहकाला मलेरियापासून काही प्रमाणात वाचवतो, म्हणून जिथे मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या होता तिथे तो टिकला. भारतात त्याचा पहिला शोध १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत लागला. १९५८ साली डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा आपला लेख 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून नागपूरचा हा भाग नकाशावर आला. गोंड, परधान, माडिया ह्या जमातींत आणि पूर्वाश्रमीच्या महार समाजात हे प्रमाण मोठे आहे. तेली, कुणबी समाजांतही रुग्ण आहेत. पण आमच्याकडे लोक बोलताना 'त्या लोकांचा आजार' असेच बोलतात. जात आधी आडनावात होती, आता ती रक्ततपासणीच्या चिठ्ठीतही सापडते.

वैद्यकशास्त्राच्या इतिहासात ह्या रोगाची नोंद झालेला पहिला रुग्ण कोण होता, हे मला पुष्कळ उशिरा कळले. तो विद्यार्थी होता. वॉल्टर क्लेमंट नोएल, वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटाचा कृष्णवर्णीय तरुण, शिकागोत दंतवैद्यक शिकायला गेलेला. १९०४ च्या अखेरीस तो इस्पितळात दाखल झाला. अर्नेस्ट आयर्न्स ह्या तरुण डॉक्टराने त्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्या आणि त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० साली ते प्रसिद्ध केले. त्या लेखात नोएलचे नाव नाही. शिक्षणाच्या काळात तो पुन्हा पुन्हा आजारी पडत राहिला. तरीही १९०७ साली आपल्या वर्गाबरोबर पदवी घेऊन तो मायदेशी गेला, दवाखाना थाटला आणि १९१६ साली, बत्तीसाव्या वर्षी, न्यूमोनियाने वारला. त्याच्या आजाराचा कागद जगभर गेला. त्या काळातला त्याचा हजेरीपट कोणी कसा सांभाळला असेल, ह्याचा मी कधी कधी विचार करते. कोणीतरी सांभाळलाच असणार, त्याशिवाय तो वर्गाबरोबर पास कसा झाला?

आता कायद्याकडे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. जुन्या कायद्यात सात प्रकार होते, ह्यात एकवीस आहेत आणि त्यांत हिमोफिलिया, थॅलेसिमिया आणि सिकलसेल आहेत. सिकलसेलचा प्रश्न नागपुरातून देशापुढे नेण्यात ज्यांनी आयुष्य घातले ते संपत रामटेके. त्यांना २०१८ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. ह्या कायद्याने शिक्षणसंस्थांवर 'वाजवी सोयीसुविधा' देण्याचे बंधन घातले. वाजवी सोय म्हणजे संस्थेवर अवाजवी ओझे न टाकता त्या व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने शिकता यावे म्हणून केलेला योग्य तो फेरबदल. उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी राखीव आहेत, आणि त्यात सिकलसेलचा रुग्ण बसतो. पण त्याच कायद्यात सरकारी नोकरीच्या चार टक्के आरक्षणाची यादी वाचा: त्यात रक्ताचे आजार नाहीत. म्हणजे शिकायला जागा आहे, शिकून झाल्यावर नाही. कायदा करणाऱ्यांना ह्या मुलांनी एम.ए. होऊन पुढे काय करावे असे वाटले असेल, ते त्यांनाच ठाऊक.

चाळीस टक्क्यांचे प्रमाणपत्र नसले तर काही मिळत नाही, असे कार्यालयात हमखास सांगतात. ते चूक आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग ह्या खटल्यात स्पष्ट केले की चाळीस टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. वाजवी सोयीचा हक्क प्रत्येक अपंग व्यक्तीला आहे. तो खटला लेखनिकाचा होता, हजेरीचा नव्हे. पण तत्त्व तेच, आणि अर्जात त्याचा उल्लेख केला की समोरचा माणूस अर्ज दुसऱ्यांदा वाचतो, हा माझा अनुभव आहे.

दहावी-बारावीला आपल्या राज्यात सिकलसेलच्या विद्यार्थ्याला तासामागे वीस मिनिटे जादा मिळतात. चांगली गोष्ट आहे. पण आजार काही परीक्षेच्या तीन तासांत येत नाही, तो सहा महिने येत-जात राहतो. जादा वेळ मिळण्यासाठी आधी परीक्षेला बसता आले पाहिजे, आणि बसायला हजेरी लागते. ह्या गाठीपाशी आमचे नियम मुके होतात.

त्या मुलीला मी हे सगळे सांगितले. अर्ज लिहून दिला, फक्त सही करायची होती. तिने सही केली नाही. म्हणाली, "बाई, हा कागद बाबूच्या हाती जाते. बाबू आपल्याच गावचा हाय. उद्या साऱ्या कळमेश्वरात होईन. माह्या लहान बहिणीचं लगन कसं जमन?" बहीण ए.एस.सुद्धा नव्हती, तपासणी झालेली होती. पण सोयरीक पाहायला येणारा चिठ्ठी पाहत नाही, बातमी ऐकतो. मी बरेच समजावले. ती ऐकून घेत होती आणि पदराचे टोक बोटाला गुंडाळीत होती. तिचे नाव कागदावर गेले. मीच उतरवले. ती त्या सत्राला बसली नाही, आणि शिष्यवृत्तीचा हप्ताही अडकला, कारण त्यालाही हजेरीच लागते.

त्या दिवसापासून मला वाटते की सोय देणाऱ्या नियमात पहिले कलम गुप्ततेचे असले पाहिजे. आजाराचा कागद कोण पाहणार, तो कुठल्या कपाटात राहणार, हजेरीपटावर काय लिहिले जाणार, हे आधी ठरले पाहिजे. 'वैद्यकीय कारण, मान्य' एवढेच तीन शब्द पुरेत. रोगाचे नाव विभागात फिरायचे कारण नाही. ज्या समाजाची खाजगी गोष्ट कोणी कधी खाजगी मानलीच नाही, त्या समाजातल्या मुलीकडून आपण प्रमाणपत्र मागतो तेव्हा नक्की काय मागतो, ह्याचा विचार करावा.

बाळंतपणाचे पाहू. हे लपत नाही, तरी सोय नव्हती. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, १९८८ च्या ऑगस्टमध्ये, माझा मोठा मुलगा झाला. सव्वा महिन्याने मी वर्गात गेले तर विभागातल्या एका वडीलधाऱ्या प्राध्यापकांनी आपुलकीने सांगितले, "आता ह्या वर्षी राहू दे, पुढच्या वर्षी ये." त्यांच्या मनात वाईट काही नव्हते, म्हणूनच मला भांडता आले नाही. एक वर्ष गेले. आमच्या घरात एक वर्ष म्हणजे सासूने वेचणीला आणखी एक हंगाम जायचे. आज चित्र बदलले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये सर्व कुलगुरूंना पत्र पाठवून पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठी प्रसूती रजेचे आणि हजेरीतील सवलतीचे नियम करायला सांगितले. संशोधक विद्यार्थिनींसाठी तर २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीतच तरतूद आहे: संपूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा. शिवाय सहा वर्षांची मुदत, पुनर्नोंदणीने दोन वर्षे, आणि स्त्रियांना तसेच चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन. एकूण दहा वर्षांच्या पुढे नाही. मे २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मेरठच्या विद्यापीठातील एका एम.एड. विद्यार्थिनीची प्रसूती रजा हजेरीच्या हिशोबात धरायला लावली. शिक्षण आणि मातृत्व यांतून एकच निवड असे तिला सांगता येणार नाही, हा त्या निकालाचा गाभा. तो आपल्याकडे बंधनकारक नाही, पण अर्जाला जोडायला कोणाची हरकत नसावी. आयोगाच्या पत्रानंतर आपल्या विद्यापीठाने, आपल्या महाविद्यालयाने स्वतःचा नियम केला का, हे प्रत्येक विद्यार्थी संघटनेने लेखी विचारावे. पत्र कपाटात आणि नियम कुठेच नाही, अशी स्थिती असणे शक्य आहे.

ह्या सगळ्या चर्चेत मला राहून राहून बाबासाहेबांची १९१७ सालची रजा आठवते. आपण त्यांच्या पदव्यांची यादी पाठ म्हणतो, मधल्या खंडाकडे पाहत नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये त्यांनी १९१६ साली नाव घातले आणि वर्षाच्या आतच बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. निघण्यापूर्वी त्यांनी प्रा. एडविन कॅनन यांच्या शिफारशीने विद्यापीठाकडून परवानगी मिळवली: ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करता येईल. त्यांचे सामान घेऊन येणारे जहाज पाणतीराने बुडाले. बडोद्यात काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. पुढे सिडनहॅम कॉलेजात १९१८ ते १९२० अध्यापन, काटकसर, शाहू महाराजांचे साहाय्य, नवल भथेना ह्या पारशी मित्राचे कर्ज, आणि जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. मुदतीत. एम.एस्सी. १९२१, बॅरिस्टर १९२२, डी.एस्सी. १९२३. कोलंबियाची पीएच.डी. तर प्रबंध छापून दिल्यावर १९२७ साली रीतसर हाती आली.

चार वर्षांचा तो कागद नसता तर 'रुपयाचा प्रश्न' हा ग्रंथ लंडनचा प्रबंध म्हणून लिहिला गेला नसता. मी माझ्या वर्गाला हे दरवर्षी सांगते आणि त्याबरोबर एक प्रश्न विचारते: ती परवानगी हक्क होती की कृपा? मुले गोंधळतात. एका प्राध्यापकाचा शब्द होता, म्हणजे कृपेचा अंश होता. पण विद्यापीठात तसा मार्ग होता, मुदत ठरलेली होती, आणि परत येणाऱ्याला दाराशी कोणी 'इतके दिवस कुठे होतास' म्हणून अडवले नाही. पुढे स्वतःच्या हाती संस्था आली तेव्हा बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी ठेवले. जोतीरावांनी १८५५ साली शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली होती. दोघांनीही विद्यार्थ्याच्या दिवसाप्रमाणे घड्याळ फिरवले. आमच्या रात्रपाळीच्या मुलाला आज कोण असे घड्याळ फिरवून देतो?

संशोधकांविषयी दोन शब्द. आयोगाच्या अधिछात्रवृत्तीवर वर्षाला तीस दिवसांची रजा आहे, सार्वजनिक सुट्ट्या वेगळ्या; प्रसूती रजा वेगळी. हे पुष्कळांना माहीत नसते. मार्गदर्शकाच्या मर्जीवर मुले घरी मयतीला जायचे की नाही ते ठरवतात. रजा लेखी घ्यावी. तोंडी घेतलेली रजा पुढे 'कामात अनियमितता' होते आणि प्रगती अहवालावर सही अडते. सही अडली की पैसे अडतात.

कार्यकर्त्यांनी व्यवहारात काय करावे, तेही सांगते. गैरहजेरी झाल्यावर सत्राअखेर अर्ज नेऊ नका. आजारपण सुरू झाले त्याच आठवड्यात द्या, कोणाच्याही हाती पाठवा, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. दवाखान्याचे भरतीचे आणि सुटीचे दोन्ही कागद जपा. सिकलसेल असेल तर अपंगत्वाचे ओळखपत्र काढाच, टक्के कितीही येवोत, एस.टी.चा मोफत प्रवासही त्या आजाराला आहे. अर्जात फक्त हजेरी माफ करा असे लिहू नका, बुडालेला भाग कसा भरून देणार तेही विचारा. नकार आला तर तो लेखी मागा. आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी, तिच्यात स्त्रीचे आणि अनुसूचित जाती-जमाती किंवा इतर मागासवर्गाचे प्रतिनिधित्व हवे; तिने पंधरा कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा आणि त्यावर विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येते. शिष्यवृत्ती रखडणे हाही त्या नियमांत तक्रारीचा विषय आहे. कळमेश्वर, काटोल, सावनेर इथल्या तरुणांनी जयंतीच्या वर्गणीबरोबर एक वही अशी ठेवली की तालुक्यातला कोण कुठे शिकतो आणि कोणाचा अर्ज कुठे पडला आहे, तरी पुष्कळ काम होईल.

ती मुलगी एक सत्र वाया घालवून परत आली. पहिल्याच दिवशी तास संपल्यावर थांबली आणि एक लिफाफा माझ्या हाती ठेवला. डिंकाने चिकटवलेला, वर माझे नाव आणि खाली 'गरज पडली तरच उघडावे' असे लिहिलेले. मी तो माझ्या कपाटात, जुन्या उत्तरपत्रिकांच्या खाली ठेवला आणि किल्ली पर्समध्ये. प्राचार्यांना गाठून सांगितले की एका विद्यार्थिनीचा वैद्यकीय कागद माझ्याकडे आहे, तिच्या गैरहजेरीची जबाबदारी मी घेते, नाव फक्त तुम्हाला सांगीन. ते थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, असा नियम नाही बाई, पण तुम्ही अर्ज करा, मी त्यावर लिहितो. अर्ज केला आहे. डिसेंबरात थंडी पडली तेव्हा ती अकरा दिवस आली नाही. त्या अकरा दिवसांचा भाग मी तिला माघ महिन्यात, पाचच्या पॅसेंजरआधीच्या पाऊण तासात, रिकाम्या वर्गात शिकवला. तिच्याबरोबर वेचणीहून परतलेली दोन मुलेही येऊन बसत. प्राचार्यांनी अर्जावर काय लिहिले ते अजून माझ्याकडे आलेले नाही.